कॅमेऱ्याच्या खोक्यातला कागद

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून एक कायदा लागू आहे. त्याचे मला वाटणारे कौतुक घरच्या मंडळींना फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. दारावरचा कॅमेरा असो, दिवा असो की बोलणारा स्पीकर, इंटरनेटला जोडली जाणारी घरगुती वस्तू विकताना तिच्यासोबत उत्पादकाचे निवेदन द्यावे लागते आणि तिला सुरक्षेच्या सुधारणा किमान किती काळ मिळतील, हे त्यात नमूद करावे लागते. सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन माल विकण्यास मनाई आहे. तो प्रत्येक नगाचा वेगळा असावा किंवा ग्राहकाने स्वतः ठरवावा. नियम मोडणाऱ्या कंपनीला एक कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या चार टक्के, यांपैकी मोठ्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्याकडे बियाण्याच्या पिशवीवरची मुदत वाचल्याशिवाय कोणी ती उचलत नाही, परंतु कॅमेऱ्यालाही मुदत विचारावी, हे मला तो कागद हाती येईपर्यंत सुचले नव्हते.

या नियमामागे कारणही तसेच आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. अर्थात, मुदत किती असावी हे कायदा सांगत नाही. उत्पादकाने दोनच वर्षे लिहिली तरी तो नियमात बसतो.

कायदा इतका पुढारलेला असला, तरी इथली घरे मात्र जुनी आहेत. लेस्टरमधल्या आमच्या घराच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, छतातल्या दिव्यापर्यंतच येते, भिंतीवरच्या बटणापर्यंत नाही. त्यामुळे बहुतेक स्मार्ट स्विच इथे बसतच नाहीत आणि न्यूट्रलविना चालणारे वेगळे, महागडे स्विच शोधावे लागतात. जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या आमच्या घरात एकाच बोर्डावर बटणे आणि प्लग शेजारी शेजारी असल्यामुळे न्यूट्रल तिथे आपसूक हजर असते. जे काम तिकडे वायरमनने दुपारच्या चहाआधी उरकले, त्यासाठी मला इथे पूर्ण शनिवार घालवावा लागला, हे मी इथल्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. उरलेला त्रास वायफायचा होता. अशी बरीचशी उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि फोन मात्र ५ गिगाहर्ट्झवर असल्याने सुरुवातीची जोडणी वारंवार फसत होती. राउटरमध्ये दोन्ही जाळ्यांना वेगळी नावे दिल्यावर ती जमली.

फैजपूरच्या ओट्यावरही मी कॅमेरा बसवून घेतला आहे. तो बसवणाऱ्याने गल्लीतल्या सगळ्या घरांना एकच पासवर्ड दिला होता, तो मी व्हिडिओ कॉलवर आबांकडून, म्हणजे वडिलांकडून, बदलून घेतला. भारतातही ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचणी सक्तीची झाली आहे, हे इथे नोंदवले पाहिजे, कारण तिकडे काहीच होत नाही असे म्हणणारे लोक मला इथे बरेच भेटतात. आईवडिलांजवळ राहण्याऐवजी त्यांच्यावर कॅमेरा लावला, असे आत्या म्हणतात. त्यांना एवढेच सांगतो, की आबांनी गोळ्या घेतल्या की नाही, हे रावेरला राहणाऱ्या नातलगांपेक्षा मला आधी कळते.

गावाकडच्या जिभाऊंना हे सारे कौतुक अनाठायी वाटते. थ्री फेजची वीज रात्री येई तेव्हापासून त्यांच्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर आहे. घरी अंथरुणातून फोन लावला की मोटार सुरू होते. या स्टार्टरला वायफाय लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, फक्त सिमकार्ड लागते. त्याच्या सुरक्षेविषयी मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “नोंदवलेल्या नंबराशिवाय तो कुणाचं ऐकत नाही.” शहानिशा करण्यासाठी मी लेस्टरहून फोन लावून पाहिला, तर मोटार खरोखरच सुरू झाली नाही. आता माझाही क्रमांक त्यात नोंदवावा, अशी विनंती मी केली आहे आणि जिभाऊंनी ती साफ नाकारली आहे.