बॉनेट उघडलं की आधी डेल्को शोधा

मुंबईत कुठली जुनी अमेरिकन गाडी बघायला गेलात आणि मालक बॉनेट उघडून "एकदम ओरिजिनल इंजिन आहे साहेब" म्हणाला तर ऐकून घ्या, मान डोलवा आणि मग स्वतः बघा. तो खोटं बोलतो असं नाही, बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. गाडी आजोबांनी घेतलेली, इंजिन काकांनी कधीतरी बदललेलं, ज्या मिस्त्रीने बदललं तो गावाला गेला तो गेला, आणि बाहेरची अक्षरं मात्र पॉलिश करून करून चकाचक. इथे स्पेअर मिळायचे वांधे, त्यामुळे इंजिन बसलं की हाताला लागेल ते दुसरं टाकायचं आणि गाडी चालू ठेवायची, हाच बहुतेक गाड्यांचा इतिहास.

म्हणून माझा सरळ हिशोब आहे. रंग, स्टिकर, क्रोमची झाकणं, एअर क्लीनरवरचं नाव यातलं काहीही पुरावा म्हणून धरायचं नाही. अमेरिकेत शेवरोलेचं इंजिन नारिंगी, फोर्डचं साधारण 1966 पासून निळं, पॉन्टिअ‍ॅकचं फिकट निळं असं ठरलेलं होतं, पण आपल्याकडे पेंटर समोर जो डबा उघडा असेल तो मारतो. बघायचं ते ओतीव लोखंडात बनलेलं, जे कुणी बदलत बसत नाही. डेल्को कुठे आहे, टॅपेट कव्हरला (इंजिनच्या वरचं, व्हॉल्व्ह झाकणारं झाकण) बोल्ट किती आहेत, पाण्याचा होज पाइप कुठून निघतो. (डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगना आळीपाळीने ठिणगीचा करंट वाटणारा भाग, गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटर म्हणालात तर पोरगा तुमच्याकडे बघत राहील.)

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. अमेरिकन लोक 'ड्रायव्हर साइड' म्हणतात तेव्हा त्यांची ती डावी बाजू, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे त्यांचे व्हिडिओ बघून इथे शोधायला गेलं की लोक भलत्याच बाजूला बोल्ट मोजत बसतात. मी डावं-उजवं म्हणतो ते गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरचं.

मुंबईत सगळ्यात जास्त भेटणारी इंजिनं व्ही-एट (आठ सिलिंडर, चार-चार V आकारात) नव्हेतच, सिक्स सिलिंडर आहेत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना टाकला, आणि 1944 मध्ये वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे डॉज, प्लिमथ, डीसोटो आणि फार्गोचे ट्रक जोडले जायचे. म्हणजे ही मंडळी एका अर्थाने हार्बर लाइनचीच.

यातला फरक लांबूनच कळतो. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं लोखंडी डोकं, चपटं असेल, वर टॅपेट कव्हर नसेलच आणि सहा प्लग हेडवर एका रांगेत उभे असतील तर ते फ्लॅटहेड, म्हणजे बहुतेक करून क्रायस्लरच्या घरातलं: डॉज, प्लिमथ, डीसोटो. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला असतात त्यामुळे आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) एकाच बाजूला. आणि वर लांबलचक पत्र्याचं झाकण असेल तर ते ओव्हरहेड व्हॉल्व्ह, सहा सिलिंडरचं म्हणजे आपल्याकडे नव्वद टक्के शेवरोले.

फ्लॅटहेड सिक्समध्ये एक गंमत आहे जी माहीत नसेल तर पैसे जातात. ही इंजिनं दिसायला सगळी भावंडं, पण ब्लॉक दोन लांबीचे. अमेरिकन प्लिमथ आणि डॉजचं हेड साधारण साडेतेवीस इंच, आणि क्रायस्लर, डीसोटोचं 25 इंच. आता यात कॅनडा येतं मध्ये, कारण कॅनडात बनलेल्या प्लिमथ-डॉजमध्येसुद्धा 25 इंची ब्लॉक टाकायचे, त्यामुळे बॉनेटवर काय लिहिलंय त्याला शून्य किंमत, शिंप्याची टेप घ्या आणि हेड या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. अमेरिकेतून प्लिमथची हेड गॅस्केट मागवायची, कस्टम ड्युटी भरायची, आणि पाकीट उघडून ब्लॉकवर ठेवली की दीड इंच कमी, असं झालेले लोक आहेत. टेपची किंमत वीस रुपये.

शेवरोलेच्या सिक्समध्येही असंच बारीक बघायचं असतं. 216 क्यूबिक इंचाचं (सिलिंडरांची एकूण क्षमता) जुनं इंजिन आणि नंतरचं 235, दोन्ही उभी, दोन्ही लांब, दोन्ही कुणीतरी करड्या रंगाने माखलेली. बाजूला वाका आणि पुशरॉडचं झाकण बघा, तो ब्लॉकच्या कडेचा लांब पत्रा. तो पत्रा वर हेडच्या बाजूपर्यंत चढलेला असेल आणि प्लग त्याच्या भोकांतून डोकावत असतील तर ते जुनं, 216 किंवा सुरुवातीचं 235. पत्रा हेडच्या खालीच संपत असेल आणि प्लग मोकळे दिसत असतील तर ते 1954 पासूनचं 235. हा फरक नुसता शोभेचा नाही, जुन्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑइल पंपाच्या प्रेशरने जात नाही, खाली पॅनमधल्या नळ्यांमधून उडतं आणि रॉडच्या टोकाचे चमचे ते पकडतात, बेअरिंगही बॅबिटचं (मऊ मिश्रधातूचं) ओतलेलं. 1954 नंतरच्यात सगळीकडे प्रेशरने ऑइल आणि आत शेलची (काढून बदलता येणारी) बेअरिंग. म्हणजे जुनं इंजिन घेऊन एक्सप्रेसवेवर ताणत लोणावळ्याला निघालात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

लांब इंजिन आहे आणि प्लग आठ आहेत? मग वर झाकण असेल तर बहुतेक ब्युइक, त्यांनी 1931 ते 1953 स्ट्रेट-एट (आठही सिलिंडर एका रांगेत) केलं आणि ते पहिल्यापासून ओव्हरहेड व्हॉल्व्हच. चपटं असेल तर पॅकार्ड किंवा पॉन्टिअ‍ॅक, दोघांनी 1954 पर्यंत तेच ओढलं.

जीपवाल्यांसाठी दोन ओळी, कारण महिंद्राने गाड्यांची सुरुवात माझगावात विलीज जीप जोडूनच केली. चपट्या हेडचं ते गो-डेव्हिल, 134 क्यूबिक इंच. हरिकेन पण 134च, पण त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवले, त्यामुळे कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं, सीजे-3बी जीपचा तो कपाळ वर आल्यासारखा चेहरा त्यातून आला.

आता व्ही-एट. इथेच खरा टाइमपास आहे.

फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट ओळखायला डोळे मिटले तरी चालतील. 1932 मध्ये आलं, 221 क्यूबिक इंच, 65 हॉर्सपॉवर, 1953 पर्यंत अमेरिकेत चाललं. दोन चपटी हेड, आणि रेडिएटरला वरून एक नाही दोन होज, प्रत्येक हेडला आपापला. वर्षाचा अंदाजही त्यावरूनच येतो: होज हेडच्या मधोमध उतरत असेल तर 1937 ते 1948, पुढच्या टोकाला असेल तर 1949 पासूनचं किंवा 1937 च्या आधीचं. हेडचे नट मोजले तर जुन्यात 21, नंतरच्यात 24.

ओव्हरहेड व्ही-एटमध्ये मात्र पहिला प्रश्न एकच, डेल्को पुढे की मागे. कुर्ल्याच्या एका गॅरेजमधले म्हातारे चाचा मला पहिल्यांदा म्हणाले होते, "नाम मत पढ, पहले डेल्को देख." 1960 च्या आसपासपासूनची इंजिनं घेतली तर फोर्ड पुढे. शेवरोले मागे, स्मॉल ब्लॉक असो की बिग ब्लॉक (त्यांच्या व्ही-एटची छोटी आणि मोठी घराणी), अगदी डॅशच्या पत्र्याला चिकटून, पॉइंट सेट करायला विंगवर आडवं व्हावं लागतं. पॉन्टिअ‍ॅक मागे, ओल्ड्समोबिल मागे. क्रायस्लरने दोन्ही करून ठेवलंय, छोटी 318, 340, 360 (हे आकडे क्यूबिक इंचाचेच) मागे, आणि मोठी 383, 440 पुढे उजव्या बाजूला तिरकी. ब्युइक 1967 पासून पुढे, त्याआधीचं नेलहेड नावाचं व्ही-एट मागे. कॅडिलॅकने 1963 मध्ये मागचा डेल्को पुढे आणला, त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या कॅडिलॅकमध्ये डेल्को पुढे दिसला तर मालकाला चहा पाजा आणि हळूच विचारा.

मग टॅपेट कव्हरचे बोल्ट. स्मॉल ब्लॉक शेवरोलेला एका बाजूला चार, बिग ब्लॉकला सात. फोर्डच्या विंडसर घराण्यातल्या 289, 302, 351 ला सहा, 351 क्लीव्हलँडला आठ, आणि 352, 390, 428 वाल्या एफई घराण्याला पाच. एफईची तर अजून एक सोपी खूण आहे, इनटेक मॅनिफोल्ड इतका रुंद की तो टॅपेट कव्हरच्या खाली शिरतो, कव्हर अर्धं हेडवर आणि अर्धं मॅनिफोल्डवर बसतं. उचलायला दोन माणसं लागतात, मी मदतीला गेलोय, पाठ सांभाळा. क्रायस्लरच्या छोट्याला पाच, मोठ्याला सहा. आणि क्रायस्लरच्याच 426 हेमीबद्दल कुणी वाद घालत असेल तर बोल्ट मोजूच नका, प्लगच्या वायरी रुंद कव्हरच्या मधोमध भोकांतून आत जातात, बस. मुंबईत लोक कुठल्याही क्रायस्लरला हेमी म्हणतात, त्यांना म्हणू द्या.

हॉर्निमन सर्कलला रॅलीच्या सकाळी साठच्या दशकातली एक फोर्ड उभी होती, बॉनेट वर, इंजिन फोर्डच्या निळ्या रंगात असं काही चमकत होतं की लोक सेल्फी काढत होते. कव्हरवर फोर्डचं स्टिकर. मी पुढे बघितलं, डेल्को नाही. मागे बघितलं, आहे. कव्हरला चार बोल्ट. मग खाली वाकून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बघितला तर मधले दोन पोर्ट एकमेकांना चिकटलेले, कारण स्मॉल ब्लॉक शेवरोलेच्या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट शेजारी-शेजारी असतात. म्हणजे निळ्या साडीत शेवरोले. शेजारी मालकांचा पुतण्या उभा होता, मी विचारलं, "दादा, इंजिन कधी बदललंय का?" तो म्हणाला, "नाही काका, फक्त कलर केलाय." मी म्हटलं छान झालाय कलर. खोटं नव्हतंच ते.

चार बोल्ट आणि मागे डेल्को म्हणजे शेवरोलेच असंही लगेच ठरवू नका, पॉन्टिअ‍ॅकलाही चारच. पण पॉन्टिअ‍ॅकमध्ये इनटेक मॅनिफोल्डच्या खाली मोकळी जागा दिसते आणि तिथे पत्र्याचं वेगळं झाकण असतं, शेवरोलेमध्ये मॅनिफोल्ड स्वतःच सगळी दरी झाकतो. विंडसर आणि क्लीव्हलँडच्या 351 मध्ये गोंधळ झाला तर होज बघा, विंडसरचा मॅनिफोल्डच्या पुढून आडवा निघतो, क्लीव्हलँडचा ब्लॉकमधून उभा वर येतो.

आणि प्लगच्या वायरीच नसतील, बाजूला इंजेक्टर पंप आणि लोखंडी बारीक नळ्या दिसत असतील, तर कुणीतरी डिझेल टाकलंय. पेट्रोल परवडेना तेव्हा इथे भल्याभल्या गाड्यांचं हे झालं. नाक मुरडू नका, त्या डिझेलमुळेच कितीतरी गाड्या भंगारात जायच्या वाचल्या.

स्मॉल ब्लॉक शेवरोले आहे हे कळलं तरी 265, 283, 327, 350 यातलं कुठलं हे बाहेरून दिसत नाही, 1955 पासून तेच शरीर. तिथे आकडे लागतात. ब्लॉकचा कास्टिंग नंबर मागे डाव्या बाजूला, जिथे गिअरबॉक्सची घंटी जोडली जाते त्या कडेवर, आणि पंच केलेला नंबर पुढे उजव्या हेडच्या समोरच्या छोट्या सपाट जागेवर, बहुतेक वेळा डायनामो किंवा अल्टरनेटरच्या मागे काळ्या चिकट्यात. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं मारा, वायर ब्रश अजिबात नको, पंच उथळ असतो. मागचा नंबर डोळ्याने दिसत नाही, मोबाइल फ्लॅश लावून उलटा धरायचा आणि दहा-बारा फोटो मारायचे, एक तरी बरा येतो. पुढचा पंच केलेला नंबर मात्र तिथल्या तिथे आरसी बुकातल्या इंजिन नंबरशी लावून बघा, जुळत नसेल आणि बदलाची नोंद आरटीओत नसेल तर ट्रान्सफरच्या वेळी फेऱ्या तुम्हाला माराव्या लागतात, विकणाऱ्याला नाही, त्यामुळे टोकनचे पैसे खिशातून काढायच्या आधी हे करा.