‘हे ते गाणं नव्हे’ असं आजी म्हणते तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. आजीनं तिच्या तरुणपणचं गाणं ऐकायला मागितलं, नातवंडांनी फोनवर शोधून लावलं, आणि दोन ओळींतच आजी म्हणाली, ‘हे ते नव्हे.’ शब्द तेच, चालही तीच. मग आजीची आठवण दगा देते का, असा हा नेहमीचा प्रश्न.

माझं उत्तर असं, की आधी आजीवर विश्वास ठेवा. पुष्कळदा तिचंच बरोबर असतं. फोनवर लागलेलं ध्वनिमुद्रण वेगळं असतं.

गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक नवं गीत, असं ते वर्षभर चाललं. त्यात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे आवाज होते. पुढे घरोघरी गेल्या त्या मात्र सुधीर फडक्यांनी एकट्यानं गायलेल्या ध्वनिमुद्रिका. सीतेचं गाणं बाईच्या आवाजात ऐकल्याचं आजी सांगत असेल, तर तिनं ते रेडिओवर ऐकलं होतं. नाट्यपदांचंही तसंच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. रंगमंचावर वन्समोअर घेत तेच पद कितीतरी वेळ रंगे. आजीला आठवणारी आलापी तबकडीत नसते, कारण तिथे तिला जागाच नव्हती. आणि नाटक गावच्या हौशी मंडळीनं केलेलं असेल तर तो आवाज कुठल्याच तबकडीत सापडायचा नाही. हे तिला स्पष्ट सांगावं, उगीच शोधत बसू नये.

दुसरं कारण वेगाचं, आणि याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. तबकडीवरून कॅसेट, कॅसेटवरून संगणक, असा प्रवास करून आलेलं गाणं मूळ वेगात असेलच असं नाही. तबकडी फिरवणारा पट्टा सैल झालेला असतो, नाहीतर कॅसेटचं यंत्र जलद धावत असतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी साडेब्याऐंशीच्या वेगानं फिरली, म्हणजे जेमतेम ६ टक्के फरक पडला, तरी सगळं गाणं हार्मोनियमच्या एका पट्टीनं चढतं. काळी चारचं गाणं पांढरी सहात जातं, आवाज पातळ नि पोरकट होतो, ताना घाईच्या वाटतात. ज्यानं ते गाणं शेकडो वेळा ऐकलंय त्याच्या कानाला हे लगेच खटकतं.

यावर उपाय सोपा आहे. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय वापरायचा. नुसती लय किंवा नुसती पट्टी बदलणारा नाही, कारण त्यानं आवाजाचा पोत बिघडतो. वजा ३ आणि वजा ६ टक्के अशा दोन प्रती करा, मूळ प्रतीसह तिन्ही ऐकवा आणि कुठली जवळची वाटते ते विचारा. एकच प्रत लावून ‘हेच ना?’ विचारलंत, तर नातवाचं मन राखायला आजी ‘हो’ म्हणून टाकते.

शोधताना साल विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही. लग्नाआधी ऐकलं की नंतर, रेडिओ कुणाच्या घरी होता, गाणं सिलोनवर लागायचं की विविधभारतीवर, हे विचारा. विविधभारती ऑक्टोबर १९५७मध्ये सुरू झाली, एवढ्यानंही काळ बराच आवळला जातो. आजी जी ओळ गुणगुणते ती बरेचदा अंतऱ्याची असते, आणि गाण्यांच्या याद्या मात्र ध्रुवपदावरून लावलेल्या असतात. म्हणून तिला पुढे गाऊ द्या; ध्रुवपद आपोआप येतं. मग ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर बघा. तबकडीवर छापलेल्या नावावरही फार विसंबू नका. ‘महल’च्या (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून कामिनी या पात्राचं नाव होतं, गायल्या होत्या लता मंगेशकर.

घरात जुनी तबकडीच असेल तर फार उत्तम, पण घाई नको. ७८ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराचं पॉलिश तसंच बनतं. त्यामुळे स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलात की गाणं कायमचं गेलं. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाका, मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं गोल पुसा, मधला कागद कोरडा ठेवा आणि तबकडी उभी ठेवून सावलीत वाळवा. एल.पी.ची, म्हणजे नंतर आलेल्या बारीक खाचांच्या तबकडीची, सुई चालत नाही. तिचं टोक एका इंचाच्या दहा हजार भागांपैकी साधारण सात भागांचं, आणि ७८ला लागतं तीस भागांचं. बारीक टोक खाचेच्या तळाशी घसरत जातं आणि नुसती खरखर ऐकू येते. यंत्राला ४५चाच वेग असेल तर त्या वेगात मुद्रण करून मग १.७३३ पटीनं वाढवा. वेग तपासायची रेघांची चकती मिळते; फिरताना साध्या बल्बखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. ७८साठी, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला, तिच्यावर ७७ रेघा असाव्या लागतात.

आणि खरखर पूर्ण घालवू नका. ती घालवणारं सॉफ्टवेअर शब्दातले स, श आणि तंबोऱ्याची झारही खाऊन टाकतं. वयानं वरच्या पट्टीतले आवाज आधीच कमी ऐकू येतात, त्यात ही भर पडली तर आजीला शब्दच लागत नाहीत. फोनच्या कर्ण्यावर ऐकवण्यापेक्षा बरा स्पीकर घ्या, तो तिच्या समोर हातभर अंतरावर ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करा, आणि गाणं संपेपर्यंत मध्ये बोलू नका.