दप्तरी नोंद नाही

हेरकथेतला फसवला गेलेला गुप्तहेर माझ्या लक्षात राहतो तो त्याच्या पिस्तुलामुळे किंवा पाठलागांमुळे नव्हे. परक्या शहरात, अपरात्री, तो पाठ करून ठेवलेल्या क्रमांकावर फोन लावतो आणि पलीकडचा आवाज अगदी सौजन्याने सांगतो की या नावाचा कोणीही माणूस आमच्याकडे कधी कामाला नव्हता. त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा येतो, तो पुढच्या शंभर पानांतल्या गोळीबाराने येत नाही. त्याला ओळखणारा एकच वरिष्ठ होता, तो मेला. त्याची एकच फाइल होती, ती जळाली. ज्या सरकारच्या सांगण्यावरून त्याने खोटे नाव, खोटे गाव आणि प्रसंगी खोटा संसारसुद्धा पत्करला, तेच सरकार आता त्याला खोटा ठरवायला निघालेले असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या वाचकाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. पिस्तूल आम्ही फक्त कॅम्पातल्या जवानांच्या कमरेला पाहिलेले आहे. दप्तर मात्र आमच्या चांगल्या ओळखीचे आहे.

उलट, ज्या गोष्टीचे अशा कथांतून मोठे कौतुक चाललेले असते, त्या वेशांतराचे आणि भाषा बदलण्याचे आम्हांला काही वाटत नाही. नायक तीन भाषा सफाईने बोलतो म्हणून लेखक पानभर भारावून जातो. आमच्याकडे गणपत गल्लीत भाजी विकणारी बाई तेवढे काम सकाळी दहाच्या आत उरकून मोकळी होते. नंदगडहून बेळगावला येणाऱ्या लाल बसमधला एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुढच्या बाकावर काठापदराचे लुगडे नेसलेली, मांडीवर पिशवी धरलेली एक म्हातारी बसली होती आणि तिच्या मागच्या बाकावरचे दोन दलाल कानडीतून तिच्याच शेताचा हिशेब करत होते: म्हातारीला पैशांची नड आहे, पहिल्यांदा किती बोलायचे, किती ताणू द्यायचे आणि कुठे थांबायचे. खानापूर गेले, देसूर गेले, तरी म्हातारी खिडकीबाहेर बघत राहिली. बेळगावला उतरताना मात्र तिने पदर सावरला, मागे वळली आणि स्वच्छ धारवाडी वळणाच्या कानडीत त्यांना सांगितले की शेत विकायचे नाही, आणि विकायचे झालेच तर मधल्या माणसाशिवाय विकेन. दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. कुठल्याही गुप्तचर संस्थेने त्या बाईला बिनशर्त नोकरी द्यावी, असे माझे आजही मत आहे.

फितुरीचेही तसेच आहे. ती आम्हांला कादंबरीतून शिकावी लागत नाही, कारण त्याच नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा सरदार संगोळ्ळी रायण्णा 1831 साली फासावर गेला. समोरासमोरच्या लढाईत इंग्रजांना तो सापडला नव्हता. गनिमी काव्याने त्याने त्यांना दमवले होते. सापडला तो आपल्याच माणसांनी घात केला म्हणून. ओढ्यावर अंघोळीला उतरताना त्याने तलवार ज्याच्या हाती दिली, त्यानेच ती परत दिली नाही, असे लोक सांगतात. विश्वासघाताचे इतके नेमके चित्र मी हेरकथांतही फारसे वाचलेले नाही.

आणि सरकारने भिंतीला कान लावावेत, हेही आमच्या गावाला नवीन नाही. 1916 साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावात केली आणि मे महिन्याच्या पहिल्या तारखेला येथे भाषण केले. या आणि पुढे अहमदनगरला केलेल्या दोन भाषणांच्या पोलिसी टिपणांवरून सरकारने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. नोव्हेंबरात मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि तेथे टिळकांची बाजू जिना यांनी मांडली होती. मला यातली खरी व्यक्तिरेखा वाटते ती त्या सभेत मांडी घालून भराभर लिहिणाऱ्या पोलिसाची. टिळकांचा शब्द न शब्द त्या दिवशी बेळगावात सर्वांत एकाग्रतेने ऐकणारा श्रोता तोच असला पाहिजे, आणि ऐकता ऐकता त्याला त्यातले काही पटू लागले असले तर त्याने ते कुठे टिपून ठेवायचे, असा प्रश्न कोणत्या तरी कादंबरीकाराला पडायला हवा होता.

सीमेचा हा पट्टा एकेकाळी परराज्याचीच नव्हे तर परदेशाचीही वेस होता, हे नव्या मुलांना सांगितले तर त्यांना पटत नाही. 1961 पर्यंत लोंढ्याच्या पुढे, कॅसलरॉक ओलांडले की पोर्तुगालची हद्द सुरू होई. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी 1955 च्या नोव्हेंबरात आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. ते पुढे कॅसलरॉकच्या जंगलात हलले आणि गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षे, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून बोलत राहिले. आवाज साऱ्या गोव्याच्या ओळखीचा, पण माणसे कुठल्या झाडाखाली बसली आहेत याचा पत्ता नाही. त्या रानातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला या दोघांच्या चिकाटीची कल्पना येईल; हेरकथेतल्या नायकाला जळवा लागल्याचे मी कुठे वाचलेले नाही.

तरीही मुद्दा शेवटी कागदाशीच येऊन ठेपतो. सरकार आपल्याच माणसाला वाऱ्यावर सोडते, ही कल्पना विसाव्या शतकातल्या शीतयुद्धाने जन्माला घातली, असा एक समज आहे. कौटिल्याने ती तरतूद केव्हाच करून ठेवलेली होती. अर्थशास्त्राची पोथी आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात शामशास्त्र्यांच्या हाती लागली आणि 1909 साली छापली गेली. तिच्यातला गूढपुरुषांचा भाग वाचताना आजचा वाचक दचकतो. हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये. तिघांकडून आलेली बातमी जुळली तरच ती खरी धरावी. ती वारंवार जुळेनाशी झाली तर हेराला गुपचूप शिक्षा करावी किंवा काढून टाकावे. दोन्हीकडून पगार खाणारा हेर नेमायचा झाला, तर त्याची बायकामुले आधी ताब्यात घ्यावीत. म्हणजे ज्याच्यावर राज्याने विसंबायचे, त्याच्यावर विश्वास मात्र ठेवायचा नाही, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरलेले! शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांविषयी आपल्याला इतके थोडे ठाऊक आहे, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही. त्यांची समाधी बाणूरगडावर, खानापूर तालुक्यात आहे. आमच्या नव्हे, सांगलीकडच्या.

कागदाने माणूस कसा नाहीसा होतो, हे आमच्याकडे लहान प्रमाणावर रोज घडते. ज्ञानेश्वर नावाच्या मनुष्याने बेळगाव जिल्ह्यात जन्म घ्यावा आणि मग मौज पाहावी. मराठी शाळेच्या दाखल्यावर त्याचे इंग्रजी नाव ‘डी’पासून सुरू होते, आधार कार्डावर ते ‘जी’पासून होते, आणि शेताच्या कानडी उताऱ्यावरून एखाद्या कारकुनाने ते इंग्रजीत उतरवले की ‘जे’पासून होते. बँकेत कर्जाला गेला की समोरचा साहेब तिन्ही कागद टेबलावर मांडतो आणि विचारतो की यांतले तुम्ही कोण. मग कोर्टाच्या आवारात टंकलेखन यंत्र घेऊन बसलेल्या माणसाकडून स्टँप पेपरवर एक प्रतिज्ञापत्र करून घ्यायचे, की वरील तिन्ही नावे एकाच इसमाची असून तो इसम मीच आहे. गुप्तहेराला तीन नावे त्याच्या सरकारने हेतुपुरस्सर दिलेली असतात. ज्ञानेश्वरालाही ती सरकारनेच दिली, फक्त हेतू कोणाचाच नव्हता.

आणि येथेच माझे अशा कादंबऱ्यांशी जमत नाही. त्यांतले कारस्थान फार हुशार असते. मंत्री, सेनापती आणि गुप्तचर प्रमुख बंद खोलीत बसून वीस चाली पुढचा विचार करतात. प्रत्यक्षातल्या सरकारी कारस्थानांचा इतिहास वाचला तर तेथे हुशारीपेक्षा चालढकल आणि चूक कबूल न करण्याचा हट्ट जास्त दिसतो. अमेरिकेच्या सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स 1985 पासून आपल्या संस्थेचे सोव्हिएत खबरे पैसे घेऊन मॉस्कोला विकत होता आणि त्यांतले अनेक जण गोळ्या घालून मारले गेले. सरकारी पगारावर या गृहस्थाने पाच लाख चाळीस हजार डॉलरचे घर रोखीने घेतले आणि तो जग्वार गाडीतून कचेरीत येऊ लागला, तरी त्याला अटक व्हायला 1994 उजाडले. आमच्या शहापुरात एखाद्या कारकुनाने नुसती दारात नवी मोटार उभी केली असती, तर संध्याकाळच्या आत गल्लीने त्याची चौकशी पूर्ण करून निकालही दिला असता.

भारतातले उदाहरण सर्वांना माहीत आहे. अवकाश संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 1994 साली हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. आरोपांत तथ्य नाही असे सीबीआयने 1996 सालीच सांगितले, तरी नुकसानभरपाईचे पन्नास लाख रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला 2018 साल लागले. देशाची गुपिते विकल्याचा ज्यांच्यावर आरोप, त्यांनाच पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळाले.

पण कागदाच्या कारस्थानाचा मेरुमणी म्हणजे फ्रान्समधले ड्रेफस प्रकरण. 1894 साली पॅरिसच्या जर्मन वकिलातीतल्या केराच्या टोपलीत एक फाटलेली चिठ्ठी फ्रेंच गुप्तचर खात्याच्या हाती लागली. ती आणून देणारी हेर वकिलातीत झाडलोट करणारी एक बाई होती. चिठ्ठीत लष्करी गुपिते देऊ केलेली होती. अक्षर ज्यू कप्तान आल्फ्रेड ड्रेफस याचे आहे असे ठरवून त्याला सर्वांसमक्ष पदच्युत केले गेले आणि समुद्रापलीकडच्या डेव्हिल्स आयलंडवर एकान्तवासात धाडले गेले. पुढे त्याच गुप्तचर खात्याचा प्रमुख झालेल्या पिकार याच्या लक्षात आले की अक्षर एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचे आहे. त्याने ते वरिष्ठांना सांगितले, आणि वरिष्ठांनी पिकारची बदली ट्युनिशियाला केली. बदली! जगातल्या सर्व सरकारांचे हे आवडते हत्यार इतक्या वर्षांत बोथट झालेले नाही. पिकारला पुढे तुरुंगातही जावे लागले, आणि एस्टरहाझीला लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडले.

ड्रेफसविरुद्ध पुरावा कमी पडतो म्हणून खात्यातल्या आंरी नावाच्या अधिकाऱ्याने मध्यंतरी एक पत्र बनवले होते. दोन खऱ्या पत्रांचे तुकडे चिकटवून त्याने मधला मजकूर स्वतः लिहिला. दोन्ही कागद चौकटीच्या रेघांचे होते. 1898 च्या ऑगस्टमध्ये एक अधिकारी रात्री दिव्याखाली ही फाइल तपासत बसला असताना त्याला दिसले की वर-खालच्या तुकड्यांच्या आणि मधल्या मजकुराच्या कागदाच्या रेघा एका रंगाच्या नाहीत. एकीकडे त्या निळसर आहेत, दुसरीकडे लालसर. त्या तपासणाऱ्याचा ड्रेफसवर लोभ नव्हता, उलट तो दोषीच आहे असे तो मानत होता. पण रेघांचे रंग जुळत नव्हते, आणि ते त्याने वर कळवले. आंरीला अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने कोठडीत आत्महत्या केली. हेरकथेत या जागी स्फोट झाला असता. मला त्या दिव्याखाली कागद उजेडाला धरणाऱ्या माणसासारखे दुसरे रोमांचकारी दृश्य आठवत नाही, आणि आमच्या कचेऱ्यांतून एखादा तरी कारकून असा असतो, म्हणून ज्ञानेश्वरांची कामे होतात.

ड्रेफस 1906 साली पूर्ण निर्दोष ठरला, मेजर म्हणून सैन्यात परतला, आणि त्याच वर्षी पिकार चक्क युद्धमंत्री झाला. बहुतेक लेखक कथा येथे संपवतील. आमच्या शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांना मी ही हकिगत एका संध्याकाळी सविस्तर सांगितली. चिठ्ठी, बेट, बदली, रेघांचे रंग, सगळे त्यांनी मान न हलवता ऐकले आणि शेवटी एकच विचारले, “ते खरं हो सर, पण ती मधली वर्षं त्याच्या सर्व्हिसात धरली की नाही?”

धरली नव्हती. तुरुंगातला काळ सेवाज्येष्ठतेत न धरल्यामुळे ड्रेफस बरोबरीच्यांच्या मागे राहिला. त्याने त्याबद्दल मंत्री झालेल्या पिकारकडेच दाद मागितली, पिकारने नकार दिला, आणि 1907 साली ड्रेफसने निवृत्ती घेतली. हे ऐकल्यावर सुभेदारांच्या तोंडून जी शिवी निघाली, ती मराठीही नव्हती आणि कानडीही नव्हती. ती पलटणीतली होती.