आरादचा गाभारा

जेरुसलेममधील शलमोन राजाच्या मंदिरातील सोन्याच्या समया, समर्पित भाकरींचे मेज आणि कराराचा कोश यांची ओळख आपल्याला बायबलमधील वर्णनातूनच होते; आरादच्या मंदिरातील सामान मात्र प्रत्यक्ष पाहता येते, आणि एवढ्यासाठीच मी जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये सलग दोन दिवस गेलो. यहूदाच्या प्राचीन राज्याच्या दक्षिण सीमेवरील आरादच्या किल्ल्यात इ.स.पू. ८व्या शतकात हे छोटे मंदिर नांदते होते. पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी १९६०च्या दशकात तेथे उत्खनन केले आणि त्याचा मूळ गाभारा पुढे या संग्रहालयात आणून मांडण्यात आला.

गाभाऱ्याच्या तोंडाशी चुनखडीच्या दोन धूपवेद्या आहेत, एक ५२ सेंटिमीटर उंच आणि दुसरी ४० सेंटिमीटर. दोन्हींच्या माथ्यावर काळपट थर जमलेला आहे. शेवटच्या धूपाची ती राख जवळजवळ सत्तावीसशे वर्षे तेथेच चिकटून राहिली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत मोठ्या वेदीवर प्राण्याच्या चरबीत मिसळलेला ऊद आढळला, तर लहान वेदीवर शेणात मिसळलेली भांग. ऊद चांगला दरवळावा म्हणून चरबी आणि भांग मंद आचेवर जळत राहावी म्हणून शेण, असा त्याचा उलगडा संशोधकांनी केला आहे. त्या काळी ऊद दक्षिण अरबस्तानातून उंटांच्या तांड्यांबरोबर येई. सीमेवरच्या साध्या ठाण्यातही इतके महाग द्रव्य जाळले जात होते, यावरून त्या धुराला काय मोल होते ते कळते. माझ्या मते गाभाऱ्याचा पडदा त्या धुराचाच होता; आत पाहू पाहणाऱ्याची नजर तो अडवी आणि आत कोणी आहे ही जाणीवही तोच देई.

आत मूर्ती नाही, एक गुळगुळीत केलेला उभा पाषाण आहे. (त्याच्याजवळचा दुसरा पाषाण पूजेतला होता की भिंतीतला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.) या पाषाणावर तांबड्या रंगाच्या खुणा सापडल्या, हे वाचल्यावर शेंदूर माखलेले तांदळे पाहत वाढलेला माझ्यासारखा माणूस तेथून सहजी हलू शकत नाही. तरीही मी स्वतःला आवरले. बायबलच्या कथेत बेथेल येथे इस्रायलचा पूर्वज याकोब याने दगड उभा करून त्यावर तेल ओतले, ते देव तेथे भेटला म्हणून. हा पाषाणही मला देवाचे रूप दाखवणारा वाटला नाही, त्याच्या उपस्थितीची साक्ष देणारा वाटला.

तिसऱ्या दिवशी दिमोना येथे राहणाऱ्या, मूळच्या रायगडच्या एका बेने इस्रायली (कोकणातील ज्यू समाजाच्या) मावशींनी मला प्रत्यक्ष आरादला नेले. अंगणातील होमवेदी माती आणि न घडवलेल्या दगडांची आहे. वेदीच्या दगडाला हत्यार लावू नये, ही बायबलमधील निर्गम ग्रंथातील आज्ञा तेथे डोळ्यांना दिसते. अंगणात ओबडधोबड दगड, दाराशी कोरून घडवलेल्या वेद्या आणि अगदी आत तो एकटा पाषाण, असा हा क्रम आहे. जसजसे आत जावे तसतसे सामान कमी होत जाते.

दाराशी असलेल्या या धूपवेद्या फोडलेल्या नव्हत्या. त्या पायऱ्यांवर आडव्या निजवून मातीखाली झाकलेल्या सापडल्या. यहूदाच्या हिज्कीया राजाने उपासना जेरुसलेममध्ये एकवटली तेव्हा हे घडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. बंद करणाऱ्या हातांनीही त्यांचा मान राखला, असे मला तेथे उभे असताना मनापासून वाटले.

पूर्वेच्या दारातून आत शिरल्यावर मावशी थांबल्या. "आमच्या गावच्या मशिदीत हेखालही असाच पश्चिमेच्या भिंतीला आहे," त्या म्हणाल्या. सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाला, ही मंडळी पूर्वापार मशीदच म्हणतात; हेखाल म्हणजे त्यातले धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट. "तिथून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून आम्ही तिकडे तोंड करायचो. पण इथून तर ते उत्तरेला येतं, नाही का रे?" मी होकार दिला. त्या काही वेळ पश्चिमेच्या कोनाड्याकडे पाहत राहिल्या, आणि मग उत्तरेकडे वळून त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली.