नॅनो-औषधांची खरी कमाई

कर्करोगावरील नॅनो-औषधांचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत भरून दिलेल्या औषधांचे वर्णन ‘थेट गाठीवर नेम धरणारे औषध’ असे सर्रास केले जाते आणि आशेने वाचणाऱ्या रुग्णाची त्यातून दिशाभूल होते, असे मला मनापासून वाटते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आधीच्या १० वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण जेमतेम ०.७ टक्के निघाले. उरलेल्यांपैकी पुष्कळसे कण यकृत आणि प्लीहा यांतील भक्षक पेशी रक्तातूनच टिपून घेतात.

तरीही ही औषधे रुग्णाच्या फार उपयोगी पडली आहेत, कारण ती नाजूक अवयवांना बऱ्याच अंशी वाचवतात. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध प्रभावी असले, तरी ते हृदयाच्या स्नायूला इजा करते. म्हणून त्याच्या एकूण मात्रेवर मर्यादा ठेवावी लागते. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या त्याच्या नव्या रूपात ते लायपोसोम नावाच्या, सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या मेदाच्या पिशवीत भरलेले असते, आणि हृदयातील रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असल्यामुळे ही पिशवी तिथे सहसा झिरपत नाही. मात्र तळहात-तळपायांच्या त्वचेत औषध साठते, कातडी लाल होऊन सोलते आणि पाऊल टेकवणेही कठीण होते. रुग्णाला हे आधीच सांगायला हवे.

निदानात नॅनोकण केव्हाच रुळले आहेत. गर्भधारणेच्या चाचणीपट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुधा सोन्याची असते. साधारण वीस-चाळीस नॅनोमीटर आकाराचे सोन्याचे कण हिरवा प्रकाश शोषून घेत असल्याने ते लाल दिसतात. त्यांना चिकटवलेली प्रतिपिंडे (ठरावीक रेणूलाच पकडणारी प्रथिने) लघवीतील संप्रेरक पकडतात, रेघेवरची दुसरी प्रतिपिंडे त्यांना अडवून धरतात, आणि कण दाटले की रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते.

यकृत कण टिपून घेते, या अडसराचाच पुढे उपयोग करून घेतला गेला, हे मला या क्षेत्रातले सर्वांत हुशारीचे काम वाटते. ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते. त्यातील आनुवंशिक दोषामुळे नसा निकामी करणारा आजार होतो. त्यावरील पॅटिसिरान या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्यातील मेदकणांना रक्तात एक प्रथिन येऊन चिकटते, त्या खुणेवरून यकृतपेशी त्यांना आत घेतात, आणि पेशीतील आम्लात मेदावर धनभार येऊन ट्रान्सथायरेटिनची निर्मिती रोखणारा आतला आरएनए मोकळा होतो. इतर अवयवांपर्यंत असा रस्ता काढणे मात्र अजूनही फार अवघड आहे.