बंड्याची शी-शू वही : तिसरा आठवडा

आमचं कुत्र्याचं पिल्लू बंड्या आता जवळजवळ अकरा आठवड्यांचं आहे. मागच्या नोंदीत मी हात टेकले होते. एक दिवस चार वेळा शी, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी सहा वेळा, आणि शूची तर गणतीच नाही. या आठवड्यात मात्र थोडा उलगडा झाला.

आतापर्यंत मी फक्त वेळ टिपत होतो: ७:१०, ९:४०, ११:०५. त्यातून काही हाती लागेना. मंगळवारी वहीत आणखी एक रकाना आखला, 'त्याआधी काय चाललं होतं?' दोन दिवसांत २३ वेळा शू झाली आणि त्यातल्या १९ वेळा या रकान्यात तीनच उत्तरं आली: झोपून उठला, जेवला, खेळत होता. म्हणजे घड्याळाकडे बघण्यात अर्थच नव्हता.

शीचं कोडं तर माझंच निघालं. मी वाटी दिवसभर भरलेली ठेवायचो आणि तो येताजाता तोंड घालायचा. पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात, पिल्लांमध्ये तर लगेच. खाण्याला धरबंध नाही म्हटल्यावर शीला कुठून असणार? आता चार ठरलेली जेवणं आणि १५ मिनिटांनी वाटी उचलायची. (पाणी उचलत नाही. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं मला पटत नाही.) जेवणानंतर साधारण १० ते २५ मिनिटांत काम होतं.

खेळताना ओळखणं सगळ्यात अवघड. दोरी ओढता ओढता तो एकदम दोरी सोडतो, नाक जमिनीला लावतो आणि एक अर्धवर्तुळ मारतो. तिथून माझ्या हातात फार तर सात-आठ सेकंद असतात. चप्पल शोधत बसलो की संपलं.

एक चूक कबूल करतो. अंगणात त्याने शू सुरू केली की मी लगेच 'शाब्बास, शाब्बास!' करायचो. तो अर्ध्यावर थांबून माझ्याकडे धावायचा आणि उरलेली शू तीन मिनिटांनी घरात. आता पूर्ण होईपर्यंत गप्प उभा राहतो, मग कौतुक, आणि वर आणखी पाच मिनिटं तिथेच. बरेचदा दुसरा हप्ता येतो.

रात्री पाच तास धरतो, दिवसा तासभर नाही, यावर घरात 'मुद्दाम करतो' असा आरोप झाला. तसं नाही. झोपेत शरीर लघवी कमी तयार करतं, शिवाय पाणी पिणं नाही की धावपळ नाही. पाहुणे आल्यावर लोळण घेत जे चार थेंब सांडतो, तेही मी मोजत नाही. ती शू नव्हे, तो आनंद. त्यावर रागावलं तर उलट वाढतं.

शुक्रवारी शी पातळ झाली. नवं खाणं एका दिवसात सुरू केलं होतं, खरं तर आठवडाभर जुन्यात मिसळत न्यायला हवं होतं. खेळत होता, खात होता, म्हणून एक दिवस बघितलं आणि थांबलं. उलटी, रक्त किंवा मलूलपणा असता तर लस पूर्ण नसलेलं पिल्लू म्हणून मी थेट डॉक्टर गाठला असता. पुन्हा पुन्हा बसून थेंबथेंब होत असेल तेव्हाही तेच.

राहता राहिली बैठकीतली सतरंजी, जिच्यावर तो पुन्हा पुन्हा शू करायचा. अमोनियावाल्या क्लीनरने पुसत होतो. त्याचा वास लघवीच्या जवळ जाणारा, म्हणजे मीच पाटी लावत होतो. आता एन्झाइमवालं, म्हणजे लघवीचा उरलेला अंश मोडून काढणारं, वापरतो. पण खरं कारण वेगळं असावं. आधीच्या घरी पिल्लांच्या पायाखाली जुन्या चादरी असायच्या. पायांना कापड लागलं की ती जागा शूची, असं त्याच्या डोक्यात बसलंय.

सतरंजी गुंडाळून ठेवली. आज सकाळी तो रिकाम्या जागेवर गेला, हुंगलं आणि दाराकडे वळला. मी हरखून कडी काढतोय तोवर वाटेत दोरीवरून पडलेला टॉवेल दिसला त्याला. रकान्यात लिहिलं: 'त्याआधी काय? कापड.'