एवढे पुरावे हाती असताना वीस वर्षे का लागली?

रासायनिक कंपनीने पाणी दूषित केल्याच्या अमेरिकेतील खऱ्या खटल्यावरचा, टॉड हेन्स यांचा ‘डार्क वॉटर्स’ (2019) हा चित्रपट पाहिलेली ओळखीची मंडळी, मी दिवाणी वकिली करते म्हणून, मला हमखास एक प्रश्न विचारतात. वकिलाच्या हाती कंपनीचेच कागद होते, मेलेल्या गाईंचे चित्रीकरण होते, मग लोकांना भरपाई मिळायला जवळजवळ वीस वर्षे का लागावीत? त्या सगळ्यांना सांगते, विलंबाची बहुतेक कारणे कायद्याच्या रचनेतच होती, आणि ती कंटाळवाणी कारणे न गाळता पडद्यावर आणली, हेच मला या चित्रपटाचे मोठेपण वाटते.

1998 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्गजवळचे पशुपालक विल्बर टेनंट यांनी गाई मरत असल्याची तक्रार घेऊन सिनसिनाटीतील वकील रॉब बिलॉट यांना गाठले, ते बिलॉट यांच्या आजीच्या ओळखीने. बिलॉट यांची पेढी एरवी रासायनिक कंपन्यांचीच वकिली करत असे. टेनंट यांच्या कुरणातून वाहणाऱ्या ओढ्यालगत ड्यूपाँट या रासायनिक कंपनीची कचराभूमी होती. पहिली अडचण अशी की टेफ्लॉन (भांड्यांवरचा न चिकटणारा थर) बनवताना 1951 पासून वापरले जाणारे पीएफओए हे रसायन, म्हणजे कंपनीच्या भाषेतील सी-8, हे सरकारच्या नियंत्रित रसायनांमध्ये नव्हतेच. ज्याला मर्यादा ठरलेली नाही, त्याची मर्यादा ओलांडली असा आरोप कोणावर ठेवणार?

मग आले कागद. न्यायालयाच्या आदेशानंतर कंपनीने 1,10,000 हून अधिक पाने बिलॉट यांच्याकडे पाठवली. मागितले त्याहून कितीतरी जास्त द्यायचे आणि समोरच्याला त्यात गाडून टाकायचे, हा डाव आम्हा वकिलांना नवा नाही. बिलॉट यांच्या भूमिकेतला मार्क रफालो खोक्यांच्या गराड्यात जमिनीवर बसून एकेक पान तारीखवार लावतो, तो प्रसंग मला साऱ्या उलटतपासण्यांहून अधिक खरा वाटतो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आदेश 11 खाली प्रतिपक्षाची कागदपत्रे मागवता येतात. त्याचा एवढ्या चिकाटीने वापर झालेला मी क्वचितच पाहिला आहे, हे जाता जाता नोंदवते. त्या ढिगातूनच कंपनीला धोक्याची जाणीव अनेक दशकांपासून होती हे उघड झाले, आणि 2001 मध्ये बिलॉट यांनी सरकारी पर्यावरण संस्थेला 972 पानांचे पत्र धाडले.

खरा वेळ खाल्ला तो यापुढच्या टप्प्याने. पाण्यात रसायन आहे आणि गावात कर्करोग आहे, एवढे दाखवून भागत नाही. त्या रसायनामुळेच तो रोग होतो हे वादीला सिद्ध करावे लागते. पश्चिम व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये एक वेगळी वाट मोकळी केली होती. विषारी द्रव्याचा संपर्क आलेल्या माणसाने आजारी पडण्याआधीच, वैद्यकीय तपासणीच्या खर्चासाठी दावा लावावा, अशी ती वाट. बिलॉट यांनी 2001 मध्ये रहिवाशांचा सामूहिक दावा दाखल करताना तिचाच आधार घेतला. 2004 च्या तडजोडीत 7 कोटी डॉलर मिळाले, आणि तीन रोगपरिस्थितीशास्त्रज्ञांचे (लोकसमूहांतील रोगांची कारणे अभ्यासणाऱ्यांचे) मंडळ नेमण्याचे ठरले. या मंडळाने एखाद्या रोगाशी संबंध संभवतो असे म्हटले, तर ते रसायन तो रोग घडवू शकते याला कंपनी आव्हान देणार नव्हती. तपासणीसाठी रक्त देणाऱ्याला 400 डॉलर द्यायचे ठरले, आणि जवळपास 70,000 लोकांनी रक्त दिले. एवढा साठा अभ्यासायला मंडळाला सुमारे सात वर्षे लागली.

या सात वर्षांत नायक काय करतो? वाट पाहतो. रफालोने हे खचलेले खांदे आणि थरथरणारा हात यांतून दाखवले आहे, आणि व्यावसायिक चित्रपटाला न परवडणारी ही संथ लय हेन्स यांनी मुद्दाम राखली आहे. टेनंट 2009 मध्येच गेले. मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी संभाव्य संबंध असल्याचे मंडळाने 2012 पर्यंत जाहीर केले. तरीही प्रत्येक रुग्णाच्या आजाराचे कारण हेच, हे कंपनीने मान्य केले नाही. सुमारे 3,500 दावे उभे राहिले, पहिल्याचा निकाल 2015 मध्ये 16 लाख डॉलरचा लागला, पुढच्या दोन निकालांत रक्कम वाढत गेली, आणि 2017 मध्ये 67 कोटी डॉलरवर सर्व दावे मिटले.

आपल्याकडे 1986 मध्ये, दिल्लीतील ओलियम वायुगळती प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर निरपवाद दायित्व टाकले, त्यामुळे कंपनीची चूक दाखवण्याची गरज उरत नाही. कार्यकारणसंबंध मात्र इथेही सिद्ध करावाच लागतो. हा मुद्दा कोकणाला परका नाही. इटलीत विचेंझाजवळ पीएफओएच्याच कुळातील रसायने बनवणारा, भूजल दूषित करून 2018 मध्ये दिवाळखोरीत गेलेला एक कारखाना होता. त्याची यंत्रसामग्री विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आणण्यात आली आहे. तेथे काही विपरीत घडले आहे असे मी म्हणत नाही. परंतु परिसरातील विहिरींचे पाणी आणि इच्छुक रहिवाशांचे रक्त आजच तपासून त्याच्या नोंदी जपल्या, तर पुढे कधी दावा लावण्याची वेळ आलीच तर पार्कर्सबर्गच्या लोकांनी ज्या प्रश्नासाठी सात वर्षे वाट पाहिली, त्याचे निदान अर्धे उत्तर फायलीत तयार असेल.